गिअरची मूठ आणि तिच्यातला खटका

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)



मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय असतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पावसावर चार कविता, आईवर एक लेख, 'आजचा युवक कुठे चालला आहे?' असा एक वैचारिक लेख (युवक त्या वेळी मेसच्या रांगेकडे चाललेला असतो), आणि उरलेल्या जागेत चारोळ्या. त्यामुळे मी गिअरच्या नॉबवर लिहिते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ड्रॉइंग शीटवर रांगोळी काढायला बसले आहे. "नॉबवर? अगं, दोन ओळीत संपून जाईल!" नाही संपत. आणि माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी तिच्यावरच टाकून सुरुवात करते.

नॉब म्हणजे गिअरच्या दांड्यावरची मूठ. साध्या, म्हणजे मॅन्युअल गाडीत ती बदलणं हे बरणीचं झाकण बदलण्याइतकं सोपं आहे. जुनी उलटी फिरवली की निघते, नवी सुलटी फिरवली की बसते. आटे जुळले म्हणजे झालं. बहुतेक वेळा ते एम-१० किंवा एम-१२ चे असतात, आणि नसले जुळत तर दुकानदार प्लास्टिकचा एक अडॅप्टर मध्ये घालून देतो. चंद्रपुरात कार डेकोरच्या कोणत्याही दुकानात जा, काचेच्या कपाटात एक अख्खी ओळ या मुठींची असते. कवटी, फुटबॉल, आत बुडबुडे असलेला काचेचा गोळा, रात्री निळा लागणारा गोळा, आणि सगळ्यात जास्त खपणारा चकचकीत ॲल्युमिनियमचा गोळा. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. अशा गावात बंद गाडीत दुपारभर तापलेला धातूचा गोळा कोण हौसेने हातात धरतं हे मला कळलेलं नाही. पण हौसेला मोल नसतं, आणि मॅन्युअल गाडीत त्या हौसेने फार तर तळहात भाजतो. गाडीचं काही बिघडत नाही.

ऑटोमॅटिक गाडीचं तसं नाही. माझा सगळा मुद्दा तिथून सुरू होतो.

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की ती पुण्या-मुंबईची चैन वाटते. खरं म्हणजे सामान्य माणसाच्या कारमध्ये ती येण्याच्या कितीतरी आधी आपल्या जिल्ह्याने ती बघितली आहे. खुल्या कोळसा खाणींतले साठ टनी, शंभर टनी डंपर टॉर्क कन्व्हर्टरवरच चालतात. एवढं ओझं घेऊन खाणीचा चढ चढताना ड्रायव्हरने क्लच दाबत बसावं ही अपेक्षाच वेडेपणाची आहे. आपल्याच हॉस्टेलमध्ये दुर्गापूर आणि सास्तीकडची अशी मुलं-मुली आहेत की ज्यांच्या घरी हे रोजचं आहे, फक्त ते कधी 'टेक्निकल टॉपिक' म्हणून सेमिनारला घेत नाहीत. कारच्या बाबतीत स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली ती २०१४ मध्ये, मारुतीने सेलेरिओत एएमटी दिली तेव्हापासून. पण एएमटीत आतला गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्रणा करते. त्या गाड्यांच्या दांड्यावर आर, एन, डी असतं, 'पी' नसतो. मी इथे बोलते आहे ती 'पी' असलेल्या, टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीबद्दल.

त्या गाडीच्या मुठीत अंगठ्याखाली एक बटन असतं. उजव्या बाजूला बसणारा आपला ड्रायव्हर डाव्या हाताने मूठ धरतो, त्याचा अंगठा बरोबर त्या बटनावर येतो. बटन आडवं दाबलं जातं, आतली छोटी पाचर ती आडवी हालचाल उभी करते, पोकळ दांड्याच्या आतली सळई खाली सरकते, आणि तळाशी असलेली आडवी पिन खाचेतून सुटते. तेव्हाच दांडा 'पी'मधून निघतो. बटन सोडलं की स्प्रिंग पिनला परत खाचेत बसवते. शिवाय आताच्या गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय ही पिन सुटू न देणारं एक विद्युत कुलूपही असतं. या पिन-खाचेच्या जोडीला आमच्या पुस्तकात डिटेंट म्हणतात. तीन सेमिस्टर मी तो शब्द पेपरात लिहिला. गॅरेजमधल्या मिस्त्रीने त्याला एका शब्दात 'खटका' म्हटलं तेव्हा मला डिटेंट म्हणजे काय ते कळलं. दाराला खटका असतो, पेटीला खटका असतो, तसा दांड्याला खटका. आणि मराठीत संशयालाही खटकाच म्हणतात, हे तर फारच योग्य आहे. काहीतरी चुकतंय असं वाटलं की माणूस जागेवर थांबतो ना, तेच काम ही पिन करते.

आता 'पी' म्हणजे काय? गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवर एक दातेरी चाक असतं आणि 'पी' टाकला की एक छोटी आकडी त्याच्या दोन दातांच्या मध्ये जाऊन बसते. गाडी जागेवर राहते ती त्या बोटभर आकडीच्या भरवशावर. आणि ती आकडी बसलेली राहते ती वरच्या खटक्याच्या भरवशावर. म्हणजे मुठीतलं बटन ही शोभेची वस्तू नाही. उभ्या गाडीचं कुलूप तिथे आहे.

हे मला कोणत्याही लेक्चरमध्ये कळलं नाही, मामांमुळे कळलं. माझे मामा आलापल्लीच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात जोर नाही. आधी ते मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर चालवायचे. आष्टी-आलापल्ली रस्ता ज्यांनी बघितला आहे त्यांना सांगायला नको, लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर चारचाकीवाल्याचीही हाडं मोजून होतात. म्हणून त्यांनी कर्ज काढून जुनी ऑटोमॅटिक कार घेतली. अकरा वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. तिच्यात डाव्या पायाला कामच नाही! मामा पहिल्यांदा एकटे गाडी घेऊन आमच्याकडे चंद्रपूरला आले, तो दिवस घरातल्या लग्नापेक्षा मोठा होता. आईने ओवाळलं होतं, गाडीला आणि मामांना, दोघांनाही.

त्या गाडीची मूठ गेल्या उन्हाळ्यात तडकली. अकरा उन्हाळे अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लास्टिक ते! बटनाच्या बाजूलाच चीर गेली, बटन आत गेलं की बाहेर येईना, कधी दाबलंच जाईना. सळई, पिन, स्प्रिंग, पाचर, सगळं जागेवर. गेलं होतं फक्त वरचं टरफल.

आता बघा कसं असतं. सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. फोनवर त्यांनी सांगितलं की नुसती मूठ येत नाही, दांड्याची पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल, अकरा हजारांच्या वर, आणि भाग यायला तीन आठवडे. मुठीसाठी पूर्ण असेंब्ली म्हणजे शर्टाचं बटन तुटलं म्हणून नवीन कपाट घेण्यासारखं आहे. मामांनी तीन आठवडे काय करायचं? शाळा चौदा किलोमीटरवर. एसटी सकाळी एकदा. म्हणून ते बाजारातल्या मिस्त्रीकडे गेले आणि मिस्त्रीने दहा मिनिटांत प्रश्न सोडवला. तांब्याच्या तारेने बटन दाबलेल्या स्थितीत करकचून बांधून टाकलं. "गुरुजी, आता बटन दाबाचं कामच नाही ठेवलं. फक्त ओढा अन् चला!" पैसे पण घेतले नाहीत, मामांनी त्याच्या मुलाला शिकवलं होतं.

आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि त्याचं भयंकर कौतुक असतं. फेस्टमध्ये जुगाडाची स्पर्धा असते, प्रमुख पाहुणे जुगाडावर भाषण देतात. पण त्या तारेने काय झालं ते बघा. पिन कायमची खाचेबाहेर. ब्रेकचं कुलूप असून नसल्यासारखं. गाडी 'पी'मध्ये उभी, किल्ली मामांच्या खिशात, आणि दांडा एका बोटाने 'एन'मध्ये येतो. मामांची गाडी उभी राहते शाळेच्या आवारात, आणि गावात ती एकच अशी गाडी असल्यामुळे मधल्या सुट्टीत पोरं तिच्यात बसून स्टिअरिंग फिरवतात. मामा बसू देतात, त्यांना आवडतं ते. आवाराला उतार आहे, उताराखाली हातपंप, आणि हातपंपावर उरलेली पोरं. काही झालं नाही, कारण मामा हँडब्रेक ओढायला विसरत नाहीत. पण ज्या दिवशी विसरतील, त्या दिवसासाठीच तर कंपनीने तो खटका ठेवला होता.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना आवडणार नाही. मिस्त्रीचा जुगाड चूक. पण त्या मिस्त्रीला नावं ठेवायचा अधिकार जो माणूस नुसती मूठ विकत नाही त्याला नाही. भाग मिळत नसला की तारच मिळते.

हे काही माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता तो याच कारणाने. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेलं, जातंच. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारीही आहेत, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टलही निघालं. छान आहे. पण पोर्टलवर माहिती मिळते, मूठ मिळत नाही. आणि आलापल्लीच्या पुढे पावसाळ्यात नेटवर्कही मिळत नाही, भामरागडकडे तर पर्लकोटेला पूर आला की रस्ताच मिळत नाही. जिथे भाग पोहोचायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तिथल्या माणसाला भाग बनवता आला पाहिजे, हे कोणत्याही समितीशिवाय कळण्यासारखं आहे.

मूठ ही क्षुल्लक गोष्ट आहे असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक धावपट्टीवर नीट उतरल्यावर फ्लॅप्स आत घेण्याऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. चांगले शिकलेले वैमानिक! अल्फॉन्स चपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि सारख्याच दिसणाऱ्या. त्याने चाकांच्या कळीला छोटं रबरी चाक लावायला सांगितलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा आकार. हाताला न बघता कळू लागलं. म्हणजे मुठीचा आकार हाताला माहिती देत असतो. दुसरी गोष्ट अलीकडची. एप्रिल २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या ऑटोमॅटिकचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागेवर परत यायचा, त्यामुळे 'पी' लागला की नाही हे हाताला कळायचंच नाही. माणसं गाडी 'पी'मध्ये आहे समजून उतरायची आणि गाडी चालू लागायची. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा सत्तावीस वर्षांचा हॉलिवूडचा नट घराच्या उतारावर स्वतःच्याच अशा गाडीखाली सापडून गेला. एवढ्या मोठ्या कंपनीचे एवढे इंजिनिअर, आणि चुकलं कुठे, तर मूठ धरलेल्या हाताला काय कळतं याचा विचार करण्यात.

आता आपल्या कॉलेजकडे वळते. (इथून पुढे स्टाफ मंडळींनी राग मानू नये.)

पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आपण काय करतो? सुतारकामात टी-जॉइंट नाहीतर लॅप जॉइंट. फिटिंगमध्ये चौकोनी तुकड्यात चौकोनी तुकडा बसवायचा. त्यातले निम्मे जॉब सीनियरकडून आलेले असतात. एक लॅप जॉइंट तर आमच्या बॅचमध्ये तीन वेगवेगळ्या रोल नंबरांनी सही घेऊन आला, त्याच्यावर पॉलिश चढलं होतं हाताळून हाताळून. मुलं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. त्या जॉइंटची जगात कोणीच वाट बघत नाही, म्हणून होतं. तो भंगारात जाणार हे करणाऱ्याला माहीत, सही करणाऱ्याला माहीत.

मामांच्या मुठीची मात्र कोणीतरी वाट बघत होतं. सुट्टीत मी तडकलेल्या मुठीचे दोन तुकडे घेऊन आमच्या वर्कशॉपच्या सरांकडे गेले. सरांनी तुकडे उलटसुलट करून बघितले आणि एकच वाक्य बोलले, "आतलं काही बदलायचं नाही, कबूल असेल तर मशीन सुरू करतो." कबूल होतं. मूळ बटन, मूळ पाचर, मूळ स्प्रिंग. आपण फक्त टरफल करायचं.

लाकूड कोणतं, यावर वादच नव्हता. गडचिरोलीच्या माणसाच्या गाडीची मूठ सागाचीच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा सगळ्या देशाला आपलं लाकूड कळलं. आपल्या हॉस्टेलची दारं मात्र प्लायची आहेत आणि पावसाळ्यात फुगतात, असो. आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून जुन्या सागाचा जो राखलेला तुकडा आहे, २०१४ मध्ये ज्याला जैवविविधता वारसा स्थळ केलं, तिथल्या एकेका खोडाकडे मान वर करून बघितलं की कळतं आपण कुठले राहणारे आहोत ते. आम्हाला अर्थात फर्निचरवाल्याकडचा उरलेला ठोकळा पुरला. बिल घेतलं, कारण आपल्या भागात पिशवीत सागाचा तुकडा सापडला तर वनरक्षक आधी बिल विचारतो आणि मग नाव.

साग इथे शोभेसाठी नाही, उष्णतेसाठी आहे. ॲल्युमिनियम सागापेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. दुपारी दोन वाजता दोन्ही सारखेच तापलेले असले तरी धातू आपली उष्णता एकदम तळहातात ओततो, साग हळूहळू देतो. शिवाय सुकलेला साग फार आकसत-फुगत नाही. त्रास दोन गोष्टींचा. एक, सागात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते. दोन, त्याच्या तेलामुळे एपॉक्सी धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं. एका मित्राने विचारलं बांबू काहून नाही, चिचपल्लीला एवढं बांबूचं केंद्र आहे. बांबूच्या पट्ट्या चिकटवून ठोकळा केला तर होईलही. पण साधा बांबू आतून पोकळ आणि उभा चिरणारा, आडवं भोक त्याला सोसत नाही.

आणि या कामात सगळा जीव त्या आडव्या भोकात आहे. उभं भोक दांड्यासाठी, आडवं भोक बटनासाठी, आणि ती दोन्ही ठरलेल्या उंचीवर एकमेकांना छेदली पाहिजेत. आडवं भोक दीड-दोन मिलिमीटर वर गेलं तर पाचर सळईला पुरती दाबत नाही, पिन सुटत नाही, गाडी 'पी'मध्ये अडकून बसते. तेवढंच खाली आलं तर सळई न दाबताच अर्धवट दबलेली राहते आणि खटका खाचेत पूर्ण बसत नाही. म्हणजे आपण हजार रुपयांचं पॉलिश करून पुन्हा ती तांब्याची तारच बसवली! दुकानात मिळणाऱ्या 'कुठल्याही गाडीला बसेल' अशा ऑटोमॅटिकच्या मुठींवर माझा राग आहे तो इथे. कुठल्याही गाडीला बसणारी मूठ कुठल्याच गाडीचा खटका ओळखत नाही.

आम्ही तडकलेले तुकडे जुळवून व्हर्निअरने मापं घेतली, दोन्ही भोकांत पितळी बुश घातले, कारण सळसळत जाणारं बटन लाकडावर घासत राहिलं तर वर्षभरात भोक ढिलं होईल. पहिला ठोकळा गाभ्याजवळचा निघाला, आडवं भोक पाडतानाच उभा चिरला. दुसरा टिकला. लाकडी लेथवर बाहेरचा आकार मात्र मी मुद्दाम मूळ मुठीसारखाच ठेवला. मामांचा हात अनेक वर्षं जे ओळखतो ते बदलायचं कारण नव्हतं. मुलांनी सुचवलं होतं की वाघाचं तोंड करू, ताडोबाचं नाव होईल. चपॅनिसची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली.

बसवल्यावर तपासणी. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून विटा. किल्ली बंद असताना 'पी'मधून दांडा ओढायचा, निघता कामा नये. किल्ली चालू, ब्रेक न दाबता, निघता कामा नये. ब्रेक दाबून पण बटन न दाबता, तरीही निघता कामा नये. ब्रेक आणि बटन दोन्ही दाबून, निघालाच पाहिजे. मग 'एन'मधून बटनाशिवाय 'आर'मध्ये जातो का ते बघायचं, जाता कामा नये. प्रत्येक गोष्ट वीसवीसदा. एका कागदावर खुणा केल्या, खाली सरांची सही आणि माझी सही. मामा शेजारी खुर्ची टाकून शांतपणे बघत होते. विसावी खूण झाल्यावर म्हणाले, "पोरी, एवढी तर आमच्या बोर्डाच्या पेपरची तपासणी होत नाही."

यावर स्टाफरूममध्ये जो आक्षेप निघाला तो मला रास्त वाटतो, म्हणून लिहिते. विद्यार्थ्याने केलेला भाग खऱ्या गाडीत बसवायचा, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न बरोबर आहे. पण तांब्याच्या तारेला जबाबदार कोण होतं? कोणीच नाही, आणि त्याची काळजीही कोणालाच नव्हती. आमच्या मुठीला निदान एक ड्रॉइंग आहे, एक तपासणीचा कागद आहे, दोन सह्या आहेत. जबाबदारी घ्यायला शिकवायचं कॉलेज सोडून दुसरी जागा कोणती? ज्या भागात चूक झाली तर माणूस दगावू शकतो, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, त्यांना आपण हात लावायचा नाही, हे मलाही मान्य. मुठीतसुद्धा आम्ही आतल्या यंत्रणेला हात लावला नाही, आणि तीच अट कायम ठेवावी. पण टरफल, दांडे, कड्या, बुश, झाकणं, हे सगळं आपल्या वर्कशॉपमध्ये होऊ शकतं, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत त्यासाठी गाड्या, मशिनी, माणसं खोळंबून बसलेली आहेत.

दुसरा आक्षेप असा की अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे, टी-जॉइंट त्यात लिहिलेला आहे. असू द्या. विद्यापीठाने जॉइंट करा म्हटलं आहे, तो करून भंगारात टाका असं म्हटलेलं नाही. एक टी-जॉइंट करावा, आणि एक अशी वस्तू करावी की जिचा मालक दाराशी उभा आहे. त्या दुसऱ्या वस्तूवर तरी सीनियरचा जॉब चालणार नाही, कारण प्रत्येकाचं माप वेगळं.

मेकॅनिकलला आमच्या वर्गात सात मुली आहेत. लेथवर आम्ही उभ्या राहिलो की अजूनही कोणीतरी "ओढणी सांभाळ" म्हणून जातं. (सांभाळतोच, आणि बरोबरच आहे ते. मुलांनी गळ्यातले आयडी कार्डाचे पट्टेही सांभाळावेत.) या मुठीनंतर मात्र तीन मुलं विचारायला आली की बुश कसा दाबून बसवला. व्हायव्हात कोणी विचारलं नव्हतं.

लाकडी लेथ शनिवारी दुपारी रिकामा असतो. वर्कशॉपच्या सरांनी दाराजवळ एक वही टांगली आहे, ज्याला खरोखर काही करून हवं आहे त्याने मापासकट लिहायचं. सध्या तीन नोंदी आहेत. देसाईगंजच्या एका मुलीच्या तीनचाकी सायकलच्या ब्रेकची मूठ, मामांच्या शाळेच्या फाटकाची कडी, आणि तिसरी आपल्या मेसच्या मावशींची: मोठ्या कुकरचा दांडा, दोन स्क्रूचा, जुना जळालेला सोबत जोडला आहे.